इंजिनाखालचं घमेलं

गेल्या पावसाळ्यात माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली, तेव्हा गुऱ्हाळाच्या वह्या हाती लागल्या. हंगामाला एक, अशा एकतीस. १९७८-७९ पासून २००८-०९ पर्यंतच्या. पुढून उघडली की उसाचा हिशेब, गाड्या, ढेपा, गुळव्याची आणि जळव्याची उचल. वही उलटी करून मागून उघडली की इंजिन. आबांनी इंजिनाला वेगळं खातंच दिलं होतं, घरातल्या एखाद्या खर्चिक भावाला द्यावं तसं.

मागच्या पानांवर डिझेलखालोखाल सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द 'ऑईल'. पहिल्या हंगामात तो चार वेळा आलाय. दुसऱ्या हंगामात एकोणीस वेळा. तिसऱ्या वहीत, जानेवारी १९८१ मध्ये, एक एकाकी ओळ आहे : 'घमेलं १, इंजिनाखाली.' ते घमेलं पुढं आमच्याकडं इंजिनाचाच एक भाग होऊन बसलं. संध्याकाळी घाणा थांबला की घमेल्यातलं काळं तेल फडक्यातून गाळायचं आणि डब्यात ठेवायचं. ते बैलगाडीच्या आसाला चालायचं, दाराच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून चालायचं, शेजाऱ्यालाही चालायचं. इतकं चालायचं, की गळती हा दोष आहे हेच हळूहळू आम्ही विसरलो. इंजिन आहे म्हणजे गळणारच, म्हातारं माणूस आहे म्हणजे खोकणारच, अशी समजूत.

पण दुसऱ्याच वर्षी इंजिन म्हातारं कसं झालं, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही. वह्या शेजारी शेजारी मांडल्यावर तो आत्ता पडला. म्हणजे उत्तर मिळून पंधरा-वीस वर्षं झाल्यावर प्रश्न नीट दिसला.

इंजिन राजकोटचं. ट्रकमधून कोल्हापूरला आलं, तिथून बैलगाडीनं गावात. घडण मात्र मूळची इंग्लंडातली. ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कारखान्यानं १९२९-३० च्या सुमारास 'सीएस' नावाचं इंजिन काढलं. सीएस म्हणजे कोल्ड स्टार्ट. त्याआधीच्या कितीतरी तेल-इंजिनांचं डोकं बत्तीनं तापवावं लागे. याला नुसतं हँडल मारलं की पुरे. तिकडं हे इंजिन १९८७ पर्यंत बनत होतं. इकडं राजकोटच्या कारखानदारांनी त्याच्या नकला अशा काही काढल्या, की अस्सल बंद पडल्यावरही नक्कल चालूच राहिली. आमचं आठ एच.पी.चं, एका सिलिंडरचं, मिनिटाला साडेआठशे फेऱ्यांचं. सिलिंडरचं तोंड साडेचार इंच, पिस्टनची धाव साडेपाच इंच. दोन बाजूंना दोन फ्लायव्हील, गाडीच्या चाकाएवढी वाटायची मला लहानपणी.

तसं पाहिलं तर खडकीचा किर्लोस्करांचा ऑईल इंजिनांचा कारखाना १९४६ चा, आणि त्यांची पंधराशे फेऱ्यांची पाच एच.पी.ची इंजिनं आमच्या पंचक्रोशीतल्या निम्म्या विहिरींवर होती. पण आबांना घाण्यासाठी जड आणि सावकाश इंजिनच हवं होतं. उसाची मोळी जरा जाड आत गेली की घाण्याला हिसका बसतो. तो हिसका ते जड फ्लायव्हील गिळून टाकतं, पट्टा उतरत नाही. हा हिशेब बरोबर होता. या इंजिनाबद्दल आबांचे बाकीचे बरेच हिशेब चुकले, हा नाही.

चालू करणं हा दोन माणसांचा कार्यक्रम असे. एकजण लिव्हर टाकून एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडा धरायचा, दुसरा हँडल मारायचा. फ्लायव्हील वेगात आलं की 'सोड' म्हणायचं. लिव्हर सुटली की पहिला ठोका पडायचा, पत्रा थरथरायचा आणि आडोशाची कोंबडी ओरडत पळायची. मग तो ठेक्यातला पुक्-पुक् आवाज. फडात तोडणाऱ्या बायकांना त्यावरून घाणा चालू आहे की पट्टा निसटलाय, हे लांबूनच कळे.

आता गळती. पहिली दहा-बारा वर्षं आम्ही जे केलं त्याला दुरुस्ती म्हणावं की नवस, हे ठरवणं अवघड आहे. क्रँककेसला बाजूनं एक दार असतं. ते उघडून कनेक्टिंग रॉडचे नट तपासायचे, तेल भरायचं, गाळ काढायचा. या दाराच्या खालच्या कडेतून तेल पाझरे. म्हणून दाराचं पॅकिंग बदललं. पॅकिंग म्हणजे खाकी कागद, त्याला शेलॅक. कागद दारावर धरायचा आणि बॉलपीन हातोडीनं कडेकडेनं हलकेच ठोकत जायचं. कड धारदार असली की कागद तिथंच कापला जातो, भोकंही तशीच पाडायची. हे काम मला फार आवडायचं. खाकी कागद नसला तर लग्नपत्रिका. १९८४ ची एक नोंद आहे, 'पॅकिंग : पाटलांच्या लग्नाची पत्रिका.' ती पत्रिका दीड महिना टिकली.

पॅकिंग बदलूनही गळायचं, म्हणून दार आणखी आवळायचं. आवळलं की पहिले दोन दिवस बरं वाटे, मग पुन्हा तेच. पातळ पत्र्याचं दार बोल्टाच्या भोकांशी आत दबतं आणि दोन बोल्टांच्या मध्ये फुगतं. जितकं आवळावं तितकी मधली फट वाढते. हे नंतर कळलं. दार काढून काचेच्या तुकड्यावर ठेवलं तर ते चक्क डुलत होतं. काचेवर पॉलिश पेपर अंथरून त्यावर दार घासून सपाट करायला मला दोन रविवार लागले. तेव्हा मी शेजारच्या गावच्या हायस्कुलात मास्तर झालो होतो. गळती मात्र चालूच.

दारानंतर कण्याची दोन्ही टोकं. तिथं जाड नमद्याची कडी होती, तेल अडवायला. ती बदलली. मग इंधनपंपाखालचं पॅकिंग. मग तेल काढायच्या बुचाचं तांब्याचं वायसर. ते लालबुंद तापवून पाण्यात टाकलं की पुन्हा मऊ होतं आणि नव्यासारखं बसतं. एक तोंड बुजवलं की तेल दुसरीकडून वाट काढी. आबा म्हणायचे, "ह्या इंजिनाला नऊ दारं हायती. एक झाकलं की दुसरं उघडतंय." आणि वहीत लिहायचे, ऑईल १ लि.

१९९१ ला मी सुधारणा आणली. कोल्हापुरात उद्यमनगरात एका दुकानात लाल सिलिकॉनची ट्यूब मिळाली. दुकानदार म्हणाला, आता कागद विसरा. मी विसरलो. दाराच्या कडेला, बुचाला, पंपाखाली, जिथं जिथं तेल दिसलं तिथं बोटानं जाड थर लावला, केकवर क्रीम लावावं तसा. आठवडाभर घमेलं जवळजवळ कोरडं होतं आणि मी घरात जरा ताठ मानेनं फिरत होतो. नवव्या दिवशी आवाज बदलला. दार उघडलं तर आत दाबला गेलेला सिलिकॉन सुटून शेवयांसारखा तेलात तरंगत होता. या इंजिनात तेलपंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक पळी असते, ती प्रत्येक फेरीला तेलात बुडते आणि तेल उडवते. त्याच शिंतोड्यांवर सगळं चालतं. त्या पळीच्या भोकात एक लाल शेवई अडकून बसली होती. बेअरिंग नशिबानं वाचलं. आबांनी वहीत फक्त तारीख आणि 'मास्तरचा प्रयोग' एवढंच लिहिलंय. पुढं रक्कम नाही. रिकामी जागा सोडलीय.

एक्झॉस्टचं रडगाणं याला समांतर चालू होतं, आणि त्याचा त्रास खरं तर जास्त. तेल जमिनीवर पडतं, धूर नाकात जातो. गुऱ्हाळघरात आधीच चुलवाणाची धग, उकळत्या रसाची वाफ, भेंडीच्या चिकाचा वास. त्यात इंजिनाच्या बाजूच्या भिंतीवर काजळीचा माणसाएवढा पट्टा उमटलेला. गुळव्या कटकट करायचा, की धूर काहिलीकडं आला तर गुळाला वास लागेल. त्याचं खरं होतं. ढेपेचा भाव रंगावर आणि वासावर ठरतो. आबा तेवढ्यापुरती ताडपत्री बांधायचे. ताडपत्रीमुळं धूर काहिलीकडं जायचा थांबे आणि इंजिनापाशी बसणाऱ्या गड्याकडं साचे. संध्याकाळी त्याचं डोकं दुखायचं. त्यावर चहा हा उपाय होता.

डिझेलचा धूर कर्करोगाला निश्चित कारण ठरतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये जाहीर केलं. तोवर आमचं गुऱ्हाळ बंद झालं होतं. बातमी वाचल्यावर मला प्रथम ती ताडपत्री आठवली, आणि मग ती पांढरी दोरी. हेडला नळी जिथं जोडतात त्या फ्लँजमधली गॅसकेट दर हंगामात जळायची, आणि आम्ही तिच्या जागी ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायचो. सुरीनं कापायचो, कपड्यावरची पूड हातानं झटकायचो, आणि त्याच हातानं काकवी चाटायचो.

गॅसकेट का जळते, हा प्रश्नही आम्ही कधी विचारला नाही. नवी आणायची, हे उत्तर तयार असायचं. १९८६ ला फ्लँजचा एक स्टड आवळताना तुटला, आतल्या आत. दोन वर्षं इंजिन एका स्टडवर आणि तारेच्या वेढ्यावर चाललं. शेवटी हेड उतरवून उद्यमनगरात नेलं. तिथल्या वेल्डिंगवाल्यानं तुटक्या तुकड्यावर एक मोठा नट ठेवला, नटाच्या आतून वेल्डिंग भरलं, लाल असतानाच पाना लावून सावकाश मागं-पुढं हलवला आणि तुकडा बाहेर काढला. पाच मिनिटांचं काम. निघताना त्यानं दोन पितळी नट हातावर ठेवले. म्हणाला, एक्झॉस्टला लोखंडी नट लावू नका, गंजून स्टडसकट एकजीव होतो. पितळी कधीही सुटतो. त्यानं त्याचे पैसे घेतले नाहीत, हे आबांनी मुद्दाम लिहून ठेवलंय.

सायलेन्सर साफ करायची आमची पद्धत मात्र अस्सल गुऱ्हाळाची होती. हंगाम संपताना तो काढायचा आणि शेवटच्या आधणाला चुलवाणात टाकायचा. चिपाडाच्या जाळात आतला सगळा कार्बन जळून जायचा, आणि थंड झाल्यावर आपटला की खपल्या पडायच्या. ज्या वर्षी हे राहून गेलं, त्याच्या पुढच्या वर्षी इंजिन धापा टाकायचं.

मिस्त्री आले ते १९९४ च्या नोव्हेंबरात. उद्यमनगरातले, साठी उलटलेले, एका डोळ्यानं कमी दिसणारे. खरं तर ते घाण्याचे रूळ बघायला आले होते. चहा पिता पिता त्यांची नजर घमेल्यावर गेली.

"आबा, हे कवापासनं?"

"जल्मापासनं," आबा म्हणाले.

मिस्त्रींनी इंजिन बंद करायला लावलं, रॉकेल आणि ब्रशनं सगळं धुवायला लावलं. वरचं हेड, बाजू, दार, खालचा पाया, सगळं कोरडं पुसून घेतलं. मग मला म्हणाले, "मास्तर, खडू हाय का?" दप्तरात होतेच. त्याची पूड करून आम्ही ती फडक्यानं सगळ्या अंगावर उडवली. इंजिन पंढरपूरच्या बुक्क्याऐवजी चुन्यात लोळल्यासारखं दिसू लागलं. चालू केलं, आणि आम्ही तिघं त्याच्याभोवती उकिडवे बसलो. पांढऱ्यावर तेलाची पहिली रेघ कुठं उमटते, हे पाहायला.

रेघ एकाच जागी उमटली नाही. दार, कणा, पंप, तिन्हीकडं जवळजवळ एकाच वेळी ओल आली. वर हेडवरही आली, पण ती मिस्त्रींनी लगेच निकालात काढली. या घडणीच्या इंजिनात वरच्या रॉकरना हातानंच तेल घालतात, बुधलीनं. आमचा गडी उदार हाताचा. वरून खाली येणारं ते सगळं तेल त्याच्या बुधलीतलं होतं, इंजिनाचा त्यात दोष नव्हता. गळतीचा निदान चौथा हिस्सा तिथंच मिटला.

उरलेल्या तीन जागांकडं मिस्त्रींनी पाहिलंही नाही. "दार नगा बघू. आधी ह्येचं नाक बघू," म्हणाले, आणि क्रँककेसवरच्या, दाराजवळच्या एका छोट्या टोपीवर तळहात ठेवला. ती टोपी आम्ही सोळा वर्षं पाहत होतो. तिचं काय काम, हे कुणाला ठाऊक नव्हतं. मिस्त्रींनी माझा हात धरून तिथं ठेवला. काहीच लागत नव्हतं. "फुंकायला पायजे," ते म्हणाले. "हे मेलंय."

त्यांनी टोपी उघडली. आत एक पातळ चकती असते, झडपेसारखी. ती रंगानं जागच्या जागी चिकटली होती. हिरव्या रंगाचा थर, त्यावर तांबडा, पुन्हा हिरवा. मधूनमधून तेलाची राळ. मिस्त्रींनी नखानं थर खरवडत विचारलं, "रंग कोण देतंय?"

रंग आम्हीच देत होतो. खंडेनवमीला. दरवर्षी इंजिन धुऊन पुसून आबा स्वतः त्याला ऑईलपेंट काढायचे, वाळला की हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. भक्तीनं काढलेला रंग, त्यामुळं एकही जागा सुटत नसे. १९७९ च्या दसऱ्याला पहिला हात बसला. दुसऱ्या वहीत ऑईल एकोणीस वेळा आलंय, ते त्यामुळं. हंगामही दसऱ्यानंतरच सुरू होतो, म्हणून रंग आणि गळती यांची गाठ कधी कुणाच्या लक्षात आली नाही.

मग मिस्त्रींनी जे सांगितलं, ते मी नंतर शाळेत फळ्यावर मुलांनाही सांगितलं. पिस्टन खाली येतो तेव्हा तो नुसता खाली येत नाही. खालच्या डब्यातली तेवढी हवा तो दाबतो. साडेचार इंची तोंड आणि साडेपाच इंची धाव म्हणजे साधारण एक लिटर चारशे मिलिलिटर हवा, प्रत्येक फेरीला, मिनिटाला साडेआठशे वेळा. टोपीतली चकती ही हवा बाहेर सोडते आणि पिस्टन वर जाताना चटकन बंद होते, हवा परत आत येऊ देत नाही. त्यामुळं डब्यात बाहेरच्यापेक्षा जरासा कमी दाब राहतो. दाब कमी असला की फटी असल्या तरी तेल बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवाच आत ओढली जाते. चकती चिकटली की हाच डबा भाता होतो. मग दार आवळा, नमदा बदला, पाटलांच्या लग्नाची पत्रिका लावा; भाता कुठून ना कुठून तेल ओकणारच.

चकती बदलायची तर मी म्हटलं सायकलच्या ट्यूबची कापू. मिस्त्री हसले. रबर तेलात फुगतं, दोन दिवसांत चिकटेल. त्यांनी पिशवीतून पितळेची पातळ शिम काढली, कात्रीनं गोल कापली, कडा काचेवर घासल्या, आणि बसवली. इंजिन चालू झाल्यावर तेलाची कांडी काढून त्या भोकावर सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरला. कागद बाहेर उडाला नाही. भोकावर चिकटून आत ओढला गेला. आबांनी तो कागद स्वतःच्या हातानं धरून दोनदा पाहिला.

त्या हंगामाच्या उरलेल्या पानांवर ऑईल तीन वेळा आहे.

धुराचं काम मिस्त्रींनी त्याच खेपेत हाती घेतलं, आणि तिथंही आमच्या हाताचाच दोष निघाला. नळी छपरातून वर गेलेली. ती हलू नये म्हणून आबांनी तिला वाशाला लोखंडी पट्ट्यांनी जखडून टाकलेलं. इंजिन मात्र हलतंच. एका सिलिंडरचं इंजिन कितीही पक्क्या पायावर ठेवा, ठोक्याला हलणारच. खालचं टोक हलतंय, वरचं टोक जखडलेलं, म्हणजे सगळी पीळ-ओढ फ्लँजवर. गॅसकेट जळत नव्हती, दिवसभर चावली जात होती. पट्ट्या काढून नळी साखळीनं टांगली, झोपाळ्यासारखी. मधे भंगारातल्या ट्रकच्या सायलेन्सरचा लवचिक तुकडा घातला. फ्लँजवर काजळीचा हात फिरवून ती हेडला टेकवली. जिथं काजळी पुसली गेली ती जागा उंच. कानशीनं तेवढंच घासायचं, पुन्हा टेकवायचं. दुपार गेली त्यात. शेवटी सगळीकडं सारखा ठसा उमटला, नवी गॅसकेट बसली, पितळी नट आवळले. इंजिन तासभर तापवून थंड झाल्यावर नट पुन्हा पाव फेरा आवळले. हे दुसऱ्यांदा आवळणं आम्ही आधी कधीच केलं नव्हतं. गॅसकेट पहिल्या तापात दबते, आणि नट तेवढ्यापुरता सैल होतो.

तरी उन्हाळ्यात फ्लँजखाली काळा ओलावा पुन्हा दिसला. मी मिस्त्रींना गाठायला उद्यमनगरात गेलो. त्यांनी एकच विचारलं, उन्हाळ्यात इंजिन कशावर चालतंय? विहिरीवर, लहान पंपावर. आठ एच.पी.चं इंजिन जेमतेम दोन एच.पी.च्या कामाला. मग तापतच नसेल, म्हणाले. बिनकामाचं इंजिन गार राहतं, डिझेल पुरतं जळत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल आणि थोडं तेल नळीत साचून सांध्यातून ठिबकतं. बोटावर घेतलं तर ते पातळ, पटकन पसरणारं आणि डिझेलचा वास असलेलं निघालं. सांधा चांगला होता. इंजिनाला काम कमी होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्यावर मोठा पंप बसवला आणि ओल थांबली. हे मला अजूनही चमत्कारिक वाटतं, की गळती थांबवायला इंजिनाला जास्त राबवावं लागलं.

१९९९ नंतरची पानं पुन्हा तेलकट आहेत. यावेळी टोपी मेली नव्हती, उलट जास्तच फुंकत होती. तोंडाशी निळसर धूर. पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या आणि वरचा जळका वायू खाली डब्यात उतरत होता. हवा बाहेर सोडायची ताकद टोपीत होती, पण एवढ्या वायूला ती अपुरी. लायनर आणि रिंगा बदलल्या. या दुरुस्तीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पैसे गेले आणि काम झालं. मिस्त्री तोवर थकले होते. त्यांनी फक्त नव्या लायनरच्या तोंडावर बोट फिरवून पाहिलं आणि 'हं' म्हणाले.

घाण्याला विजेची मोटर आली २००३ मध्ये. इंजिन कोपऱ्यात गेलं, आणि दोनच वर्षांत भारनियमनानं त्याला परत ओढून आणलं. मोटरीवर रस काढायला सुरुवात करायची, अर्ध्या गाडीत वीज जायची, आणि पिळलेला रस तसाच ठेवला तर आंबतो. मग पट्टा मोटरीवरून काढून इंजिनावर चढवायचा. ते तीन-चार हंगाम इंजिनानं फार चोख काढले. आबांचं अक्षर त्यात हळूहळू माझ्या अक्षराला जागा देत जातं. २००७ पासून सगळ्या नोंदी माझ्या आहेत, आणि मी 'ऑईल' ऐवजी 'तेल' लिहू लागलोय, कारण काय कोण जाणे. २००९ ला गुऱ्हाळ बंद केलं. ऊस कारखान्याला जाऊ लागला, गुळव्या मिळेना, चिपाड वाहायला माणूस मिळेना. ही गोष्ट आमच्या भागात इतक्या घरांत घडलीय, की तिच्यावर वेगळं लिहायला नको.

इंजिन विकलं नाही. भंगारवाला दोनदा येऊन गेला, फ्लायव्हीलकडं बघून वजनाचा अंदाज घेऊन गेला. अजून गोठ्याच्या कडेला उभं आहे. खंडेनवमीला धुतो, पुसतो, रंग काढतो. तेवढ्यापुरती टोपीवर एक चिंधी बांधतो, सुतळीनं घट्ट. नात विचारते, आजोबा, त्याला सर्दी झालीय का? रंग वाळला की चिंधी सोडायची, मग माळ घालायची आणि नातवाला लिव्हर धरायला सांगून एकदा हँडल मारायचं. माझ्यानं आता एका दमात होत नाही, दोनदा थांबावं लागतं.

यंदाही चालू झालं. दहा मिनिटं चालवलं, टोपीवर हात ठेवून पाहिला, कांडीच्या भोकावर कागद धरून पाहिला. बंद केल्यावर सवयीनं खाली वाकलो. घमेल्यात, पंपाच्या बाजूला, रुपयाएवढा एक ताजा डाग होता. खडू आता घरात नाहीत. नातीच्या पावडरचा डबा मागितलाय.